दाजींनी जुळवलेल्या सोयरिकी

नाशिक शहरात आणि आजूबाजूच्या चार तालुक्यांत आमच्या दाजींइतक्या सोयरिकी आजवर कुणी जुळवलेल्या नाहीत, आणि कुणी तसा दावा करत असेल तर त्याला खुशाल माझ्याकडे पाठवून द्या. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्या सोयरिकींत नवरा नसे, नवरी नसे, भटजी नसे आणि जेवणावळ तर नसेच नसे. एका बाजूला असे सोळा-सतरा वर्षांचं एखादं पोर, तेल लावून भांग पाडलेलं, आईनं दटावून शर्ट आत खोचायला लावलेलं. दुसऱ्या बाजूला असे सातपूरचं एखादं वर्कशॉप, गंगापूर रस्त्यावरची रोपवाटिका, एखादा छापखाना, नाही तर रक्त-लघवी तपासायची लॅब. आणि मधे असत दाजी आणि त्यांची लूना. लग्न जुळवणारे मध्यस्थ एकदा अक्षता पडल्या की हात झटकून मोकळे होतात. दाजींचं खरं काम अक्षतांनंतर सुरू व्हायचं.

दाजी एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीच्या व्यवसाय अभ्यासक्रमाला शिकवत. लोक त्याला एम.सी.व्ही.सी. म्हणत आणि म्हणताना आवाज जरा खाली आणत. ही नव्वदीतली गोष्ट. दहावीचा निकाल लागला की पालक आधी सायन्सच्या खिडकीपाशी जात, तिथून कॉमर्सच्या, तिथून आर्ट्सच्या, आणि कुठंच डाळ शिजली नाही की पडलेल्या चेहऱ्यानं मुख्य इमारतीमागच्या पत्र्याच्या शेडकडे वळत. शेडच्या दारात दाजी उभे! वऱ्हाड दारात आल्यासारखे पुढं होऊन म्हणायचे, “या, या. मी सकाळपासून वाट बघतोय. इतका उशीर?” बिचारा बाप ओशाळून सांगू लागे, “मार्क जरा कमी पडले सर ह्याला.” त्यावर दाजींचं ठरलेलं उत्तर असे, “ते मला दिसतंय. ह्याला येतं काय, ते सांगा.” या प्रश्नानं भलेभले गारठत. पोराला काय येत नाही याची यादी प्रत्येकाला पाठ असायची, काय येतं याचा विचार कुणी केलेलाच नसायचा. पंचवटीतल्या एका गृहस्थांनी बराच वेळ छताकडे बघून शेवटी सांगितलं, “शिट्टी चांगली वाजवतो.” दाजींनी ते इतक्या गंभीरपणे ऐकून घेतलं, की गृहस्थांनाच आपल्या पोराबद्दल आदर वाटू लागला. ज्याचा कान चांगला त्याला बिघडलेल्या मोटारीचा आवाज ओळखता येईल, असं म्हणून दाजींनी त्या पोराला विद्युत शाखेत घातलं, आणि शिट्टी न वाजवण्याच्या अटीवर एका पंपवाल्याकडे देऊनही टाकलं.

यावरून कुणाला वाटेल की दाजींचा पुस्तकांवर राग असेल. अजिबात नाही. ते स्वतः भौतिकशास्त्रातले एम.एस्सी. होते. ते म्हणत, “सूत्र आणि टेस्टर, दोन्ही पाहिजे. एकानं शॉक का बसला ते कळतं, आणि दुसऱ्यानं तो बसत नाही.” त्यांचा स्वतःचा मुलगा पुस्तकात रमणारा होता, तो पुढं रीतसर सायन्सला गेला. कॉलेजातले सहकारी टोमणे मारू लागले, की लोकांची पोरं शेडमधे आणि स्वतःचं मुख्य इमारतीत. दाजी शांतपणे म्हणाले, “त्याचं सूत जिथं जुळलं तिथं तो गेला.” घरी येऊन मात्र ताईला बजावलं, की ह्याला फ्यूज घालता येईपर्यंत ताट वाढू नकोस. त्या दिवशी माझा भाचा मेणबत्तीच्या उजेडात रात्री उशिरापर्यंत खटपटत होता, पण जेवला तो फ्यूज घालूनच.

मी तेव्हा एम.ए. करायला ताईकडे, सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात राहत होते. मेहुणी असल्यानं दाजींना चिडवायचा परवाना मला जन्मजात मिळालेला, आणि तो मी मनसोक्त वापरायची. पण माझ्या मराठी साहित्याचं काय करावं, हा प्रश्न दाजींना खरोखर छळत असे. “मेहुणीबाई, तुमचं मोठं अवघड आहे,” ते म्हणत. “तुम्ही छान वाचता, हे मला मान्य. पण कुणाच्या दारात उभं राहून सांगू, की आमची मुलगी छान वाचते?” मी फुगून बसायची. पुढं त्यांनीच मला एका छापखान्यात मुद्रितं तपासायला बसवलं. त्या छापखान्याच्या मालकांना त्यांनी माझ्यादेखत सांगितलं, “पोरगी तोंडाची फटकळ आहे, पण चूक सोडत नाही.” आजवर मला मिळालेलं सगळ्यात अचूक प्रशस्तिपत्रक तेच.

तर त्यांच्या अभ्यासक्रमात एक भाग असा होता, की मुलांनी काही आठवडे एखाद्या खऱ्याखुऱ्या ठिकाणी जाऊन काम शिकायचं. इतर मास्तर मुलांच्या हातात चिठ्ठी देत आणि सही-शिक्का घेऊन या म्हणत. दाजींना ही कल्पनाच सहन व्हायची नाही. ते म्हणत, “आपलं लेकरू परक्या घरी जातंय, घर बघायला नको?” आणि घर बघायला ते बरोबर जेवायच्या सुट्टीत जात. न सांगता. त्यांचं म्हणणं, कामाच्या वेळी सगळेच मालक चांगले दिसतात. माणूस कसा आहे ते डबा उघडल्यावर कळतं. मालक कामगारांबरोबर बसतो की आत केबिनमधे एकटा, नवख्या पोराला चटई मिळते की ते पोत्यावर बसतं, पाण्याच्या माठावर झाकण आहे का, हे सगळं ते लूना पुसायचं नाटक करत बाहेरून बघून घेत. मग आत जाऊन मुलाखत. ती मालकाची. “शेठ, तुम्ही पोराला हत्याराला हात कधी लावू देता?” “शेठ, चूक झाली तर आधी ओरडता की आधी विचारता?” तापट पोराला ते थंड मालक बघत, अबोल पोराला रोपवाटिका बघत, आणि एका अखंड बडबडणाऱ्या पोराला त्यांनी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात दिलं. तिथं गिऱ्हाईक सेट उघडलेला असताना कंटाळत नाही म्हणून ते दुकान पुढं चांगलं चाललं.

या सगळ्यात एक नेम त्यांनी पाळलेला. आपल्याकडे जुनी माणसं लेकीच्या सासरचं पाणी पीत नसत, तसे दाजी ज्या ठिकाणी विद्यार्थी दिला तिथला चहा-पाण्याचा थेंब घेत नसत. शिकणं पुरं होईपर्यंत तो उंबरठा त्यांना निर्जळी. एप्रिलच्या उन्हात अंबडपासून म्हसरूळपर्यंत हिंडताना लूनाला पाण्याची बाटली बांधलेली. मालक चहा पुढं करी आणि दाजी हात जोडून मागं सरकत. मी विचारलं, हे काय खूळ? तर म्हणाले, “अगं, उद्या पोराला नीट वागवलं नाही तर भांडायला जायचंय मला. चहा पोटात असला की आवाज चढत नाही.”

आणि हा नेम त्यांनी नेमका संगीताच्या वेळी मोडला.

संगीता मखमलाबादची. घरी भाजीपाला आणि फुलांची शेती. विद्युत शाखेतली ती एकुलती एक मुलगी. बाकीच्या मुली लहान मुलांचं संगोपन आणि ऑफिसचं काम अशा शाखांत होत्या, तिलाही तिथंच पाठवत होते. तर ती दाजींना म्हणाली, “सर, मला मोटार उघडायचीय. आत काय असतं ते बघायचंय.” दाजी विरघळलेच. पण तिच्या वडिलांनी प्रवेशाच्या दिवशीच सगळं स्पष्ट सांगितलं होतं. “सर, पोरीला शिकवा, मी नाय म्हणत नाय. बारावी झाल्याव तिच्या हाताला काम असंल तर आम्ही थांबू. नसंल तर निफाडकडचं एक ठिकाण लय मागं लागलंय, देऊन टाकू. मग तुम्ही मधी पडायचं नाय.” दाजींनी कबूल केलं. माणूस सरळ होता, त्यानं फसवून काही मागितलं नव्हतं. पण त्या दिवसापासून निफाड हे नाव काढलं की दाजींच्या कपाळावर आठी उमटायची.

बारावीचं वर्ष आलं आणि दाजी संगीतासाठी हिंडू लागले. शंभर ठिकाणी सोयरीक जमवलेला माणूस, पण या पोरीला कुणी घेईना. नकार देणारे सगळे मोठे प्रेमळ. “मुलगी हुशार दिसते सर, पण आमच्याकडं सगळे पुरुष.” “कपड्यांना ऑइल लागेल हो तिच्या.” “तिला नाही हो काही, पण बाकीच्या पोरांचं लक्ष उडेल.” पंचवटीतले एक मोटारी भरणारे मालक, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याच्या तारेचे नवे वेढे बसवणारे, ते तर गहिवरून म्हणाले, “सर, बाईमाणसाचं काम नाय हे. तारेनं बोटं कापतात.” दाजी संध्याकाळी डोकं धरून घरी येत. मी म्हटलं, “काय दाजी, पत्रिकेत मंगळ निघाला का?” एरवी अशा बोलण्यावर ते खो-खो हसत. त्या दिवशी नुसते माझ्याकडे बघून आत गेले. माझं मलाच वाईट वाटलं.

आणि अशात अंबडमधल्या एका शेठनी पहिल्याच भेटीत हो म्हटलं. नुसतं हो नव्हे, “मुली शिकल्याच पाहिजेत सर” असं एक छोटं भाषणही केलं. मग पोहे आले, चहा आला, आणि इतके आठवडे नकार पचवलेले दाजी भरल्या मनानं दोन कप चहा प्याले. वर पोह्यांचं कौतुक केलं. घरी आले ते गुणगुणत. ताईनं तेवढं विचारलं, “चहा घेतलात?” आणि दाजींचं गुणगुणणं थांबलं.

दोन आठवड्यांनी एका रविवारी संगीता घरी आली. दाजी बाहेर गेले होते. ताईपाशी बसून ती हळूच म्हणाली, “काकू, मी तिथं फोन उचलते. बिलं लिहिते. सकाळी गणपतीला अगरबत्ती पण मीच लावते. मोटारीकडं गेले तर शेठ म्हणतात, राहू दे बाळा, हात खराब होतील.” दाजी आल्यावर ताईनं त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता लूना अंबडकडे सुटणार. पण दाजी खुर्चीत बसूनच राहिले. म्हणाले, “कोणत्या तोंडानं भांडू गं? पोहे खाल्लेत मी त्यांचे.” हसावं की रडावं तेच मला कळेना. भौतिकशास्त्रातला एम.एस्सी. माणूस दोन कप चहाखाली गाडला गेला होता. शेवटी ताईच कडाडली. “एवढं लेकीचं लेकीचं करता, मग लेकीला माहेरी आणायला भांडावं लागतं का? जा आणि घेऊन या.” दुसऱ्या दिवशी दाजी गेले आणि संगीताला लूनाच्या मागं बसवून घेऊन आले. येताना शेठच्या टेबलावर चहापत्तीचा पुडा आणि एक किलो साखर ठेवून आले. पोह्यांसाठी पोहे न्यायचे राहिले, याची रुखरुख त्यांना बरेच दिवस होती. शेठला या प्रकारातलं काय समजलं असेल ते देवाला माहीत.

आता परीक्षा जवळ आली होती, आणि मखमलाबादहून वडिलांचा निरोप आला, “निफाडचे लोक गुढीपाडव्याला येऊ म्हणतेत.” दाजींकडे नवं ठिकाण उरलं नव्हतं. म्हणून ते पुन्हा पंचवटीतल्या त्या गहिवरणाऱ्या मालकांच्या दुकानी गेले. नेहमीप्रमाणे जेवायच्या सुट्टीत, नेहमीप्रमाणे बाहेर लूना पुसत. तेवढ्यात मालकांच्या बायको डबा घेऊन आल्या. एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात वायरची पिशवी. त्यांनी डबा मालकांपुढं ठेवला आणि पिशवी बाकावर उपडी केली. आत तांब्याच्या तारेची गुंडाळलेली वेटोळी, एकसारखी, दोऱ्यानं बांधलेली. दाजी लूना तशीच सोडून आत गेले.

“वहिनी, ही वेटोळी कुणी केली?”

“मीच की. सैपाक झाला की बसते. ह्यांना चष्मा लागल्यापासून मीच करते सगळी.”

मालक भाकरीकडे बघत म्हणाले, “ते घरचं काम हाय सर. ते येगळं.”

दाजी किती तरी दिवसांनी हसले, हे त्यांनीच मला घरी येऊन सांगितलं. मालकांकडे चक्क पाठ करून ते म्हणाले, “शेठ, तुम्ही सावकाश जेवा. माझं बोलणं आता वहिनींशी.”

दुसऱ्या दिवशी पाहण्याचा कार्यक्रम. मुलीकडून करवली म्हणून मला नेलं होतं. वहिनींनी संगीताला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. तिचे हात हातात घेऊन उलटसुलट करून बघितले आणि तारेचं एक रीळ पुढं सरकवलं. संगीतानं पहिलं वेटोळं केलं, ते वाकडंतिकडं झालं. दुसरं जरा बरं झालं. वहिनी म्हणाल्या, “येईल हिला. पण एक सांगते सर, माझ्या घरी बसवून नाय शिकवणार. शिकायला येती ना, मग दुकानात बसंल, सगळ्यांच्या समोर. आणि पोरगी एकटी कशी बसंल? मी पण बसंन.”

मालकांना ठसका लागला. “आणि घर?”

“घराला कुलूप हाय की,” वहिनी म्हणाल्या.

दाजी त्या दिवशी आपल्या बाटलीतलंच पाणी प्याले, आणि मालकांना काही बोलायची संधी न देता संगीताला दुसऱ्या दिवसापासून पाठवतो म्हणून त्यांनी सांगून टाकलं.

त्या उन्हाळ्यात विजेचा दाब असा काही खाली-वर होत होता, की दिंडोरी, मखमलाबादकडच्या विहिरींवरच्या मोटारी भराभर जळत होत्या. दुकानासमोर मोटारी घेऊन आलेले शेतकरी आत दोन बायका बघून आधी थबकत, पाटी वर बघून दुकान तेच आहे ना याची खात्री करत, आणि मग निमूट रांगेत उभे राहत. संगीताचे वडील मार्केटला माल टाकून परतताना गाडी समोरच्या बाजूला लावून बसायचे. आत कधी आले नाहीत. नुसते बघायचे आणि निघून जायचे. मला हे संगीतानंच सांगितलं, आणि सांगताना तिचे डोळे भरून आले. पाडवा होऊन गेला, निफाडचे कुणी आले नाहीत. परीक्षेनंतर मालकांनी तिला कामावर ठेवून घेतलं, तेव्हा वडील दाजींकडे भाजीची पाटी घेऊन आले. दाजींनी भीतभीत निफाडचं विचारलं. ते म्हणाले, “त्यांना सांगितलं मी, सध्या पोरीला सवड नाय.”

इतकं सुंदर वाक्य मी एम.ए.च्या दोन वर्षांत वाचलं नव्हतं. दाजी आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

नंतर दिवस बदलले. दोन हजार साल उलटलं आणि नाशिकच्या चारी रस्त्यांना इंजिनिअरिंग कॉलेजांच्या पाट्या लागल्या. कमी मार्कांनाही आता कुठं ना कुठं जागा मिळू लागली, आणि शेडकडे वळणारे पालक कमी झाले. दाजी दारात उभे राहायचे ते राहायचेच. अधूनमधून त्या नव्या कॉलेजांतून बाहेर पडलेली पोरंही त्यांच्याकडे येत, काम मिळेना म्हणून. दाजी विचारत, “येतं काय?” आणि ती आपापली प्रमाणपत्रं बाहेर काढत. दाजी त्यांना कधी हसले नाहीत. “ह्यांची चूक नाही, ह्यांना कुणी काही उघडूनच दाखवलं नाही,” असं म्हणत त्यांनाही लूनावर घेऊन जात. पण ते निवृत्त झाले त्याच सुमारास त्यांच्या कॉलेजातला तो अभ्यासक्रम बंद झाला. शेडमधे आता मुलांच्या मोटरसायकली उभ्या असतात. निवृत्तीनंतर दुपार झाली की दाजी अस्वस्थ होत. चप्पल घालत, फाटकापर्यंत जात, आणि परत येत.

अशाच एका दुपारी संगीता आली. मी त्या दिवशी तिथंच होते. लग्न होऊन ती येवल्याला गेल्याचं माहीत होतं, पण तिथं तिनं स्वतःचं दुकान काढलंय हे आम्हाला तेव्हाच कळलं. मोटारी, कूलर, मिक्सर, सगळं. चांगली भरलेली, मोठ्यानं बोलणारी बाई झाली होती. दाजींच्या पाया पडली आणि बसता बसताच म्हणाली, “सर, मागणं घेऊन आलेय. मला एक मुलगी द्या. कामाचा पसारा लय वाढलाय. पोरं मिळतात, पण मला मुलगीच पाहिजे. पहिल्या दिवसापासून मोटार उघडायला देईन, माझा शब्द हाय.”

दाजी खुशीत पुढं सरसावून बसले. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. “अगं, वर्गच बंद झाला,” ते म्हणाले. संगीताला ते माहीत नव्हतं. ताईनं चहा केला, येवल्याच्या गोष्टी झाल्या, आणि निघताना ती म्हणाली, “कोणी असली तर सांगा सर. मी थांबते.”

दाजी तिला बसस्टॉपपर्यंत सोडून आले आणि पायरीवर बसले. मी बाहेर गेले, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, “आयुष्यभर मुलीचा बाप होऊन दारोदार फिरलो गं. आज घरी चालून मागणी आली, आणि द्यायला मुलगी नाही.”

मला काहीतरी चेष्टेचं बोलून त्यांना हसवायचं होतं. ते मला जमलं नाही. मी त्यांच्या शेजारी बसले, आणि शाळा सुटल्यावर सायकली दामटत घरी निघालेल्या मुली आम्ही दोघं बराच वेळ बघत राहिलो.